लस टोचलेला कुत्रा

“घशात हाड अडकलंय. हात घालून काढा, म्हणजे सुटला तो,” असं म्हणून हणमंतशेठ खुर्ची ओढून बसले.

त्यांचा ड्रायव्हर अशोक साखळी धरून टेबलाजवळ उभा होता. साखळीच्या टोकाला टायसन, चांगला दांडगा जर्मन शेफर्ड. त्याचा खालचा जबडा सैल पडून लोंबत होता आणि लाळेची तार थेट फरशीपर्यंत आली होती. दवाखान्यातले मदतनीस बापू बाह्या सरसावून पुढे झाले. “मी जबडा फाकवून धरतो मॅडम, तुम्ही बॅटरी मारा.”

“थांबा बापू. हात लावू नका त्याला.”

बापू होते तिथेच थांबले. शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

ही विट्यातली गोष्ट. पुष्कळ वर्षं झाली. दवाखाना माझा नव्हता, डॉक्टर रघुनाथ महाडिकांचा होता. ते बंगलोरला नातवाच्या बारशाला गेले होते आणि ते परत येईपर्यंत मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा मी हेच काम करायची. नवरा बँकेत, सारख्या बदल्या. स्वतःचा दवाखाना थाटावा तोवर सामान बांधायची वेळ यायची. मग कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की सांगली-साताऱ्याकडचे डॉक्टर मला बोलावून घ्यायचे. मी बदली डॉक्टर. लोकांच्या तोंडी ‘बदलीवरची बाई’.

दुसऱ्याच्या दवाखान्यात बसायचं तर काही गोष्टी न सांगता पाळाव्या लागतात. टेबलावरची वस्तू हलवायची नाही, आधीच्या डॉक्टरांच्या औषधाला नावं ठेवायची नाहीत. ते मी पाळायची. जनावराला हात कसा लावायचा, तेवढं मात्र माझं मी ठरवलेलं होतं. मी आधी खाली फरशीवर बसायची. कुत्र्याला, मांजराला माझा वास घेऊ द्यायची आणि तेवढ्यात मालकाला विचारून घ्यायची. झोपतो कुठे, पाणी कधी प्यायला, आज नेहमीसारखा वागला का. लोक हसायचे. पण ही सवय काही हौसेनं लागलेली नव्हती. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडता पडता मी एका खेड्यातल्या दवाखान्यात उमेदवारी करत होते. तिथे एक कालवड आणली होती, घशात काहीतरी अडकलंय म्हणून. मी कोपरापर्यंत हात घातला. काही सापडलं नाही. दोन दिवसांनी ती कालवड पिसाळून मेली, आणि मी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनांच्या रांगेत उभी राहिले. त्या दिवसांत माझी आई रात्रभर माझ्या अंथरुणाशेजारी बसून असायची. मी पाणी प्यायला लागले की माझ्या घशाकडे बघायची. तेव्हापासून तोंडात काय आहे ते बघण्याआधी मी अख्खं जनावर बघते.

टायसनसमोर मी बसले, पण जरा लांबच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट एकदाच हलवलं. भला कुत्रा होता. नजर मात्र कुठे ठरत नव्हती.

“पाणी पितो का, अशोक?”

“तोंड घालतोय पाण्यात, पण आत जाईना, मॅडम. आवाज बी घोगरा झालाय कालपासनं.”

“कुणाला चावलाय एवढ्यात?”

“नाही,” शेठ म्हणाले.

अशोकने साखळी या हातातून त्या हातात घेतली. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून शेठनीच पुढे सांगितलं, “कामवालीच्या पोरीला जरा खरचटलंय मागच्या आठवड्यात. तिचंच चुकलं, खात असताना भांड्याजवळ गेली. त्याचा इथं काय संबंध? लस टोचलेला कुत्रा आहे हा. दरवर्षी, याच खोलीत, महाडिकसाहेबांच्या हातून.”

“बाहेरचं एखादं कुत्रं आलं होतं का बंगल्यात?”

“महिना-दीड महिना झाला, एक भटकं शिरलंवतं,” अशोक म्हणाला. “दोघांची चांगली जुंपली होती.” शेठनी त्याच्याकडे वळून बघितलं.

हणमंतशेठ म्हणजे विट्यातलं बडं नाव. गलाईवाले. या भागातली पुष्कळ माणसं सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, त्यातले हे कोइमतूरचे. धंदा आता मुलगा बघायचा आणि शेठ गावी बंगला बांधून राहिले होते. त्यांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. मी कुत्रा मागच्या पिंजऱ्यात ठेवून घेते म्हटल्यावर ते उठलेच.

“आणि हाड असलं तर? तडफडून मरू द्यायचा?”

“हाड असलं तर मला आनंदच आहे. मी घरी येऊन तुमची माफी मागीन. पण आज त्याच्या तोंडात कुणी हात घालणार नाही.”

“महाडिकसाहेबांना फोन करतो मी,” असं म्हणून ते गेले. टायसन मात्र अशोकच्या मागून निमूटपणे पिंजऱ्यात शिरला. आम्ही पिंजऱ्यावर पोती टाकून आत अंधार केला. उजेड त्याला सोसत नव्हता.

‘लस टोचलेला कुत्रा’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. दरवर्षी लस टोचलेल्या कुत्र्याला पिसाळण्याचा रोग सहसा होत नाही. मग हे काय? मी फ्रीज उघडला. लशीच्या बाटल्या नीट मांडलेल्या, मुदत संपलेली एकही नाही, हाताला गार. दार लावताना खाली लक्ष गेलं. रोज सकाळी मी यायची तेव्हा या फ्रीजखाली पाण्याचं थारोळं असायचं. जुना फ्रीज, गळत असेल, असं मी समजत होते.

“बापू, हा फ्रीज रोज गळतो का हो?”

“गळणारच की. सर जाताना मेन स्विच पाडून जातात, आता ते न्हाईत तर मी पाडतो. सकाळी आलो की मी वर करतो.”

“रोज?”

“रोज. शेजारच्या कापडाच्या दुकानाला आग लागली नव्हं का, शॉर्टसर्किटनं? तवापासनं सरांनी धसकाच घेतलाय.”

“आणि रविवारी? दिवाळीच्या सुट्टीत?”

“बंदच. माणूस न्हाई तर लाईट कशाला ठेवायची?”

बापूंनी हे अगदी सहज सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यात त्या वर्षांत दिवसाचं भारनियमन होतंच. विट्याचा उन्हाळा, बंद खोली आणि आत रात्रभर कोमट होऊन दिवसा पुन्हा गार होणाऱ्या बाटल्या. मी पेशंटच्या बाकावर बसूनच बंगलोरला फोन लावला.

महाडिकांना शेठचा फोन आधीच गेला होता. “बोला बाई,” ते म्हणाले. मागे माणसांचा गलबला होता, कुणीतरी हसत होतं.

“सर, टायसनचा जबडा पडलाय. पाणी गिळता येत नाही. मला लक्षण बरं दिसत नाही.”

“लस दिलेली आहे त्याला.”

“तेच विचारायचं होतं. मेन स्विच रात्री बंद असतो. लस त्याच फ्रीजमध्ये असते.”

“त्याचं काय? दार उघडलं नाही की गारवा टिकतो. आणि रेबीजची लस काही इतकी नाजूक नसते. तुम्ही पुस्तकातून आलेल्या पोरी, तुम्हाला साध्या गोष्टीत साप दिसतो.”

“तो एका मुलीला चावलाय, सर.”

“माहीत आहे मला. शेठच्या घरून वहिनींनी त्याच दिवशी फोन केला होता. मीच सांगितलं, साबणानं धुवा आणि घाबरू नका, इंजेक्शनांची गरज नाही.”

“तुम्ही मुलीला बघितलंत?”

“मी काय माणसांचा डॉक्टर आहे?”

“मग इंजेक्शनं नकोत हे कसं सांगितलंत?”

पलीकडे बाळ रडायला लागलं. मग डॉक्टर बाहेर कुठेतरी आले असावेत, आवाज कमी झाला. “हे बघा, तुम्ही खुर्ची सांभाळायला आला आहात. कुत्र्याला हाड लागलंय. सलाईन लावा, बाकी मी आल्यावर बघतो. आणि फ्रीजचं हे बोलणं दवाखान्याबाहेर गेलं तर उद्या अर्धं विटं माझ्या दारात उभं राहील. तीस वर्षांचं नाव आहे माझं.”

“म्हणजे अर्ध्या विट्यातल्या कुत्र्यांना लस लागलेली नसेल, असं तुम्हालाही वाटतंय.”

त्यांनी फोन ठेवला.

मीही फोन ठेवला. हा माणूस काही दुष्ट नव्हता. विताना अडलेल्या गाई त्याने चिखलात गुडघे टेकून सोडवलेल्या होत्या, लोक त्याचं नाव आदरानं घ्यायचे. आणि तोच माणूस शेकडो मैलांवर बसून, न बघितलेल्या एका मुलीची जखम साबणानं धुवायला सांगत होता, कारण तिला इंजेक्शनं द्या म्हणायचं तर आपल्याच लशीवर बोट येणार होतं. लस चांगलीही असेल कदाचित. पण त्या ‘कदाचित’वर त्याने स्वतःच्या नातवाला ठेवलं असतं का?

विट्याच्या सरकारी दवाखान्यात फोन करून विचारलं. लस होती. खोल जखमेत लगेच टोचावं लागतं ते सीरम नव्हतं, त्यासाठी सांगलीच्या सिव्हिलला जायला हवं होतं. मी बापूंना पिंजऱ्याजवळ कुणाला फिरकू देऊ नका असं बजावलं आणि स्कूटर काढली.

शेठच्या बंगल्याच्या मागे पत्र्याच्या खोलीत मालन राहायची. नवरा नव्हता. ती मोरीवर भांडी घासत होती आणि तिची मुलगी दीपाली पायरीवर शेंगा फोडत बसली होती. फ्रॉकची कॉलर पिनेनं वरपर्यंत लावलेली. मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले.

“तुमी कुत्र्याच्या डॉक्टर ना?” तिने विचारलं.

“हो.”

“टायसन बरा झाला?”

“नाही अजून. तो तुला कुठे चावला, दाखवतेस?”

“तो मला कधीच चावत न्हाई. मी दार उघडलं की उड्या मारतो. त्या दिशी त्याला काय झालं, काय म्हाईत.” असं म्हणत तिने पिन काढली.

मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे दातांच्या खोल खुणा होत्या. कडा सुजून लाल झालेल्या, वर चुना आणि हळद थापलेली. याला शेठ खरचटणं म्हणत होते.

“मालन, दवाखान्यात का नेलं नाहीस हिला?”

मालनने आधी बंगल्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “निघाले होते, बाई. शेठ म्हनले, सरकारी दवाखान्यात गेलीस की ते लिहून घेत्यात, पोलीस येत्यात, कुत्रं धरून नेत्यात. आन डाक्टरनीच सांगितलंय काय होत न्हाई म्हनून. एवढ्या मोठ्या मानसांनी सांगितल्यावर मी काय बोलू?”

“मी आता सांगते ते ऐक. हिला आत्ताच सांगलीला न्यायचंय. आत्ता.”

आमचं बोलणं ऐकून शेठच्या पत्नी उज्ज्वलावहिनी मागच्या दारात आल्या होत्या. त्यांच्या मागून शेठ.

“मॅडम, तुम्हाला कुत्र्यासाठी बोलावलंय, माणसांसाठी नाही,” शेठ म्हणाले. “उगाच या बाईच्या डोक्यात काहीतरी भरवू नका.”

“जखम मानेजवळ आहे. उशीर झालेलाच आहे. तुमची गाडी द्या.”

“गाडी रिकामी नाही. एस.टी. आहे की दर तासाला. जाऊ दे तिला, मी कुठं अडवलंय?”

“आठवडाभर अडवलंत.”

“तोंड सांभाळून बोला. लस टोचलेला कुत्रा आहे माझा. शंभरदा सांगितलं.”

खरं म्हणजे मी तेव्हा मालनला घेऊन स्टँडवर जायच्याच विचारात होते. वाद घालण्यात वेळ जात होता. पण दारात उभ्या राहिलेल्या वहिनींचा चेहरा बघून मला एकदम दुसरंच सुचलं. खरं तर ते मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

“वहिनी, टायसन खात नव्हता तेव्हा त्याला औषध कोण द्यायचं?”

“मीच. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं घेत नाही तो. पेढ्यात गोळी घालून पार आत ढकलायची, घशापर्यंत. काल सकाळी पण दिली की.” बोलता बोलता त्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. बोटावर विळीनं कापल्याची ताजी खूण होती. मी त्या खुणेकडे बघत राहिले. मग त्याही बघू लागल्या.

“काय झालं, मॅडम?”

“तुम्हालाही इंजेक्शनं घ्यावी लागतील, वहिनी. आजपासूनच.”

यानंतर जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. शेठ दोन पायऱ्या उतरून खाली आले. बायकोचा हात त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. मग मोठ्यानं हाक मारली, “अशोक, गाडी काढ.” लगेच खिशातून फोन काढून त्यांनी सांगलीतल्या कुणा ओळखीच्या डॉक्टरांना लावला. “माझ्या मिसेसला पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ लागलीय,” ते फोनवर सांगत होते. “हो, पिसाळलेलाच. जबडा पडलाय त्याचा. काय काय लागतं ते सगळं तयार ठेवा, तासाभरात पोचतो.”

मी वाट बघत होते. कुत्रा लस टोचलेला आहे, असं ते आता तरी एकदा म्हणतील, म्हणून. ते म्हणाले नाहीत. प्रश्न मुलीच्या मानेचा होता तोवर कुत्र्याच्या घशात हाड होतं. बायकोच्या बोटाला लाळ लागली आणि तोच कुत्रा एका मिनिटात पिसाळला. माझ्या अंगाचा असा तिळपापड क्वचितच झाला असेल.

गाडी पुढच्या दाराशी आली. वहिनी मागे बसल्या, शेठ पुढे. मी मालनचा आणि दीपालीचा हात धरून गाडीपर्यंत आणलं.

“त्यांना एस.टी.नं येऊ दे मागनं,” शेठ पुढूनच म्हणाले. “गाडीत गर्दी नको.”

मी मागचं दार उघडून धरलं आणि तिथेच उभी राहिले. “हे दार मी लावू देणार नाही, शेठ.”

“मॅडम, उशीर होतोय.”

“हो. आठवड्याचा झालाय. अजून थोडा होऊ दे.”

अशोकने गाडी चालू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोर बघत बसला. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि पलीकडच्या खिडकीला सरकल्या. “ये गं दीपा,” त्या म्हणाल्या. “मालन, बस तूही.” शेठनी मान वळवली नाही. मी अशोकला सांगितलं, आधी सिव्हिल, मग बाकीचं. त्याने मान हलवली आणि तसंच केलं, हे मला नंतर कळलं.

टायसन दोन दिवस होता. मी लांब काठीला सिरिंज बांधून त्याला गुंगीचं औषध देत राहिले, आवाज होऊ दिला नाही, पोती ओली करून गारवा ठेवला. त्याच्यासाठी याहून जास्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागचे पाय गेले, मग मान गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बापू म्हणाले, “गेला, मॅडम.” त्या कुत्र्याच्या वाट्याला जे आलं त्याचाही मला तितकाच राग आला होता. दरवर्षी तो या टेबलावर शहाण्यासारखा उभा राहिला होता, सुई टोचून घेतली होती, आणि त्या सुईत बहुधा काहीच उरलेलं नव्हतं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर येऊन मेंदूचा नमुना घेऊन गेले. तपासणीचा निकाल आला, तो मला अपेक्षित होता तसाच होता. त्याआधीच बापूंनी आणि अशोकने इंजेक्शनं सुरू केली होती. कालवडीच्या वेळच्या इंजेक्शनांवर मीही माझे जादा डोस घेतले.

मग मी दवाखान्याबाहेरचा फळा पुसला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘या दवाखान्यात ज्यांनी आपल्या कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस टोचून घेतली असेल त्यांनी ती पुन्हा टोचून घ्यावी. जनावर चावले असल्यास लस दिली आहे म्हणून थांबू नये.’ खाली माझं नाव घातलं.

महाडिक ठरल्याआधीच परत आले. रिक्षातून उतरले ते थेट फळ्यापाशी गेले आणि रुमालानं अक्षरं पुसायला लागले. मी आतून बघत होते. पुसून झाल्यावर ते आत आले, रुमाल झटकला.

“कुणाला विचारून लिहिलंत हे?”

“निकाल आलाय, सर. टेबलावर ठेवलाय.”

त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. “दवाखाना जळाला असता तर? शेजारचं दुकान माझ्या डोळ्यांसमोर राख झालं. तुम्ही नव्हता तेव्हा.”

“आगीची भीती वाटली, ते मला कळतं. लशीसाठी वेगळी सोय करता आली असती, ती सुचली नाही, तेही एक वेळ कळतं. पण मी फोनवर फ्रीजचं बोलले तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं. त्यानंतरही तुम्ही सलाईन लावा म्हणालात. त्या मुलीचं काय करा, ते तुम्ही बोललाच नाहीत.”

“काही झालंय का तिला?”

“तिचं नाव काय, सर?”

त्यांना ते माहीत नव्हतं. वहिनींनीही सांगितलं नसावं, त्यांनीही विचारलं नसावं. मी माझी बॅग उचलली. ते खुर्चीत बसले, आणि त्या खुर्चीत ते एकदम म्हातारे दिसायला लागले. पण मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

पुढच्या महिन्यात सांगलीच्या पेपरात फोटो आला. विट्यात कुत्र्यांसाठी मोफत रेबीज लसीकरण शिबिर, हणमंतशेठ यांच्या सौजन्याने, मार्गदर्शक डॉ. रघुनाथ महाडिक. दोघांच्या गळ्यात हार. खाली लिहिलं होतं की मुक्या प्राण्यांविषयीच्या कळवळ्यातून हा उपक्रम हाती घेण्यात आला आहे. कुत्र्यांना लस मिळाली, ती नव्या फ्रीजमधली होती, असं बापूंनी फोनवर कळवलं. मला हवं होतं ते झालं होतं. तरी मी तो पेपर चुरगाळून टाकला. टायसन हाड लागून मेला, बदलीवरच्या बाईला ते काढता आलं नाही, असं गावात बोललं जात होतं. हाड लागलेल्या कुत्र्यापायी उज्ज्वलावहिनींनी सगळी इंजेक्शनं कशी काय घेतली, असं कुणी विचारलं नाही. मला त्या बाजूच्या डॉक्टरांची बोलावणी यायची बंद झाली. मालनचं काम तर दीपालीचं शेवटचं इंजेक्शन व्हायच्या आधीच गेलं. शेठ तिला म्हणाले, तुझ्यामुळं घराची बदनामी झाली.

मध्ये बरीच वर्षं गेली. आम्ही तोवर कराडला कायमचे राहायला आलो होतो आणि मी अखेर माझा दवाखाना काढला होता. एका कामासाठी विट्याला गेले होते. परतीच्या एस.टी.ची वाट बघत स्टँडवर उभी असताना कुणीतरी माझा दंड धरला. मालन होती. केस पांढरे झालेले. आता कुठल्याशा शाळेत खिचडी शिजवायचं काम करते म्हणाली. तिच्याबरोबर एक उंच, चुणचुणीत मुलगी होती, खांद्याला पर्स, कानाला फोन. सूतगिरणीत कामाला होती.

“दीपे, फोन ठेव. ह्या बाई कोन, वळकलंस?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, ओळखल्यासारखं हसली, पण ओळखलं नव्हतं.

“ह्यांनीच तुला गाडीत घातलंवतं. टायसन चावला तवा.”

“ते होय,” दीपाली म्हणाली. “आई अजून सांगत असती. त्यापायी आमचं बंगल्यावरचं काम गेलं, खोली गेली. किती इंजेक्शनं टोचली मला, खांदा धरून रडायचे मी. आन खरं सांगू का बाई, मला काय झालंवतं? काहीच तर झालं न्हवतं.”

मालन ओशाळली. “अगं, काय बोलतीस,” म्हणत तिने मुलीच्या हाताला चिमटा काढला. मुलगी रागावली, “मग काय खोटं हाय का?” असं म्हणून तिने हात सोडवून घेतला. कॉलरच्या कडेला, मानेच्या बुडाशी, पांढुरक्या खुणा दिसत होत्या. पाण्याची बाटली तिने तोंडाला लावली आणि डोकं मागे टाकून गटागटा अर्धी संपवली.

“नाही, खोटं नाही,” मी म्हणाले. “तुला काहीच झालं नाही.”